उत्तरेकडच्या समुद्रातली क्रूझ: हवामान, बंदरावरचं फिरणं आणि तुमचे अनुभव

गोदाकाठ: काल कसारा घाटात धुकं दाटलं आणि गैरांगर आठवलं. नॉर्वेच्या त्या फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, जहाज शिरलं तेव्हा धबधब्याचा नुसता आवाज, दिसत काहीच नाही. बऱ्याच वेळाने ढग वर सरकले आणि 'सात बहिणी' नावाचा तो धबधबा समोर उभा!
आमचे व्याही पुढच्या जूनमध्ये निघालेत, रोज फोन करून विचारतात काय बुक करू. माझं सांगणं असं की प्रत्येक बंदराचे दोन बेत ठेवा, एक उन्हाचा, एक पावसाचा. बर्गेनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. फ्लॉयेन डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट वर ढग नसतील तरच काढा, नाहीतर खाली ब्रिगेनच्या जुन्या लाकडी घरांतून फिरा. फ्लोमची रेल्वे मात्र कसल्याही हवेत घ्या. २० किलोमीटरमध्ये ८६६ मीटर चढते आणि क्योसफॉसेन धबधब्यापाशी थांबते. खिडकीच्या काचेवर तुषार येतात. तुम्हीही लिहा, त्यांना वाचायला देते.

सिडकोकर: आम्ही अलास्का. ज्यूनोला हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं होतं, धुक्यामुळे रद्द. बुकिंग जहाजाकडूनच होतं म्हणून पैसे पूर्ण परत आले. मग बसने मेंडेनहॉल हिमनदीपाशी, तिथून नगेट धबधब्यापर्यंत पायी. बायको म्हणाली हेच बरं झालं. बाकी नंतर लिहितो, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात.

स्वरदा_इंदिरानगर: केचिकन बंदरात पाऊस लागला का?

सिडकोकर: केचिकन म्हणजे बारमाही इगतपुरी! छत्री नेऊच नका, वाऱ्याने उलटते. टोपीचा रेनकोट आणि जास्तीचे मोजे.

बागायतदार_पिंपळगाव: द्राक्षबागेमुळे दिवसातून दहादा हवामान बघायची सवय, तिथेही तेच केलं. एप्रिलची खरड छाटणी उरकली, बाग भावावर सोपवली आणि मे महिन्यात गेलो. अलास्काच्या त्या पट्ट्यात मे त्यातल्या त्यात कोरडा. स्कॅगवे डोंगराआड असल्याने तिथे पाऊस आणखी कमी. १९०० साली पुरी झालेली व्हाइट पासची रेल्वे घेतली, वर अजून बर्फ होता.

स्वरदा_इंदिरानगर: दादा, यंदा द्राक्षं कशी?

बागायतदार_पिंपळगाव: अवकाळीने थोडं झोडपलं ताई, पण निभावलं.

गोदाकाठ: काळजी घ्या हो. दरवर्षी ऐकून पोटात कालवतं.

मेतकूटभात: नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला, मध्यरात्रीचा सूर्य बघायला गेलो, ७१ अंश उत्तर. खाली होनिंगस्वोग बंदरात आलो तेव्हा लख्ख होतं, वर ३०७ मीटरच्या कड्यावर पोचलो तर धुकं. कड्यावर उभारलेला लोखंडी पृथ्वीगोल हाताला लागेपर्यंत दिसेना, सळ्यांवरून पाणी टपकत होतं. सासूबाईंनी तरी सूर्याच्या दिशेला हात जोडले. अजून डोळ्यांपुढे आहे ते.

पंचवटी_एक: इतक्या उत्तरेला समुद्र गोठत नाही?

मेतकूटभात: नाही ना. अटलांटिकमधला उष्ण प्रवाह तिथवर जातो, बंदरं हिवाळ्यातही उघडी असतात. आणि हवामानासाठी 'यर' अ‍ॅप घ्या, नॉर्वेच्या हवामान संस्थेचंच आहे. आठवडाभर आधी बघून जीव टांगणीला लावू नका, आदल्या संध्याकाळी बघा.

सिडकोकर: कुकर झाला. महत्त्वाचं राहिलं. स्वतःहून फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. अलास्काचं घड्याळ व्हँकुव्हरच्या एक तास मागे, त्यामुळे जहाजावर कुठली वेळ चालू आहे ते विचारूनच उतरा. व्हँकुव्हरहून निघणार असाल तर कॅनडा आणि अमेरिका, दोन्ही व्हिसा लागतात.

पंचवटी_एक: चिवडा नेला होता का कोणी?

मेतकूटभात: नेला की! ट्रॉम्सोला पोचायच्या आधीच संपला.

स्वरदा_इंदिरानगर: गोदाकाठ ताई, गैरांगरसाठी केबिन डावीकडची घ्यावी की उजवीकडची?

गोदाकाठ: कुठलीही चालेल गं. जहाज गेल्या वाटेनेच परत फिरतं, दोन्ही काठ दिसतात. आणि तेव्हा केबिनमध्ये बसायचंच नाही, कानटोपी घालून वरच्या डेकवर जायचं.