नाशिकच्या काळ्या दगडात स्फटिक भरपूर, मग तांबं-जस्त का नाही?

सिन्नरचा_शेतकरी: विहिरीच्या सुरुंगात पोकळी फुटली आणि आतून हिरवट, चौकोनी टोकाचे स्फटिक निघाले. गारगोटी संग्रहालयात तसेच पाहिलेत, अ‍ॅपोफिलाइट म्हणे. गरम पाण्यातून बनतात असं वाचलं. धातूंचे साठेही गरम पाण्यातूनच होतात ना? मग आमच्याकडे का नाहीत? आणि ते पाणी कसं होतं हे आज कळतं कसं?

खाणीतला_माणूस: भाऊ, पाण्या-पाण्यात फरक असतो. (नोकरी कर्नाटकात सोन्याच्या खाणीत झाली, आता मुक्काम गंगापूर रोड.) तुमच्या स्फटिकात पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, फ्लोरिन आणि रंगापुरतं व्हॅनेडियम. म्हणजे बेसॉल्टमधून (आपल्या काळ्या दगडातून) जे सहज सुटलं, ते घेऊन फिरलेलं कोमट-गरम पाणी. तांबं बेसॉल्टमध्ये कणाकणाने आहेच, पण ते गोळा करून एका जागी आणून टाकणारं पाणी इथे नव्हतं. तांबं-जस्त क्लोराइडला धरून हिंडतं, त्याला खारं पाणी लागतं. सोनं बहुधा गंधकाला धरून.

मोजायचं कसं? क्वार्ट्‌झची पातळ चकती दोन्हीकडून घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. आत केसाहून बारीक थेंब आणि त्यात थरथरणारा बुडबुडा दिसतो. हळूहळू तापवत न्यायचं. बुडबुडा ज्या अंशाला नाहीसा होतो, थेंब अडकला तेव्हा पाणी किमान तेवढं गरम होतं. मग गोठवायचं आणि शेवटचा बर्फ किती अंशाला वितळतो ते पाहायचं; मीठ जास्त, तितका तो अंश खाली. समुद्राचं पाणी उणे २ च्या आसपास, २३ टक्के मिठाचं थेट उणे २१ ला. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या क्वार्ट्‌झमध्ये मीठ कमी, कार्बन डायऑक्साइड भरपूर.

सिन्नरचा_शेतकरी: काका, पायराइटसारख्या (लोखंड-गंधकाच्या) अपारदर्शक खनिजात थेंब कसा दिसणार?

खाणीतला_माणूस: तिथे लेसरने ठिपक्या-ठिपक्याने कण उडवून कोबाल्ट, निकेल, आर्सेनिक मोजतात. पायराइट थराथराने वाढतो. आर्सेनिक अचानक वाढलेला थर दिसला की नवं पाणी आल्याचा संशय घ्यायचा. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या कार्लिनला अशाच थरांत डोळ्यांना न दिसणारं सोनं आहे. कोबाल्ट-निकेलच्या एका गुणोत्तरावर मात्र लोक पायराइट कसा बनला याचा सर्रास निकाल देऊन टाकतात, ते मला पटत नाही. सोबतची खनिजंही बघायला हवीत.

दगडवेडी: दादा, स्फटिक अ‍ॅसिडने धुऊ नका हं, अ‍ॅपोफिलाइट खराब होतो. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.