मदत हवी: व्हीलचेअरसाठी गावच्या घरात काय बदल करावेत? (तातडीचं)

सातारकर_०७: भाऊ फौजेत होता. मणक्याला मार बसलाय. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधून पुढच्या महिन्यात घरी येतोय. पुढच्या पायऱ्या आणि मोरी-संडास यांचं काय करायचं ते फटाफट सांगा, गवंडी उद्या येतोय. धीर द्यायला कुणी येऊ नका, मापं द्या.

रानफूल: मार कुठे? हात चालतात ना? संडास घरात की परसात?

माजी_हवालदार: आधी सांगा, अपंगत्व किती ते ठरवणारा फौजेचा मेडिकल बोर्ड झाला का? १०० टक्के अपंगत्व आणि बोर्डाची शिफारस असेल तर सोबतीच्या माणसासाठी पेन्शनबरोबर वेगळा भत्ता मिळतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घरदुरुस्तीच्या मदतीचंही विचारून या. शिवाय ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्ज द्या.

सातारकर_०७: काका, घरपट्टीचं नंतर बघतो. हात चांगले आहेत, कमरेखाली काही नाही. संडास घरातच. पुढे तीन पायऱ्या, गवंडी सहा फुटांत उतार काढतो म्हणतोय.

टेपवाला: तीन पायऱ्या म्हणजे किती इंच?

सातारकर_०७: २१.

टेपवाला: मग उतार २१ फूट. एक इंच चढाला एक फूट लांबी, हा हिशेब. सहा फुटांत काढाल तर घसरगुंडी होईल. अंगणात सरळ बसत नसेल तर वळवून घ्या, वळणावर पाच बाय पाच सपाट जागा सोडा. दोन्ही कडांना कठडा. गुळगुळीत फरशी नको, खरबरीत कोबा करा.

तांबडा_पांढरा: एवढा खर्च कशाला? घरात माणसं असतात, ढकलतील. आम्ही आजोबांना असंच न्यायचो.

टेपवाला: आजोबा ऐंशीचे. याचे हात धड आहेत, पारावर जायला रोज कुणाची वाट बघायची का त्याने?

सदाशिव_पेठी: गावात राहायचंच कशाला? पुण्यात लिफ्टवाला फ्लॅट घ्या.

रानफूल: पैसे तुम्ही देताय का? आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा बाबा दिवाळीभर वरच अडकले होते.

मीनाक्षी_के: माझ्या मिस्टरांचं हेच आहे, म्हणून लिहिते. संडासाचं दार तीन फुटी करा आणि बाहेर उघडू दे. माणूस आत पडला की आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी ठेवा, शेजारी खुर्ची लागेल एवढी जागा मोकळी. धरायचा दांडा भिंतीत पक्का बसवा, नुसत्या टाइलवर नको, सगळा भार त्यावरच येतो. आणि गरम पाणी! पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. आधी हाताने बघायचं, मग पायावर. मापं भावाच्याच व्हीलचेअरवरून घ्या, खडकीच्या फिजिओला घराचा नकाशा दाखवा. भावाला विचारलंत का, त्यांना काय हवंय?

सातारकर_०७: विचारलं. गोठ्यापर्यंत जाता आलं पाहिजे म्हणतो, बाकी तुम्ही बघा.

तांबडा_पांढरा: मुरलीकांत पेटकर आठवा! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. इच्छा हवी.

रानफूल: पेटकर थोरच. इथे मोरीचं चाललंय.

माजी_हवालदार: गोठ्याची वाट पण कोब्याची करा, पावसात चाकं रुततात. आणि ते बोर्डाचं सांगितलं नाहीत अजून.

सातारकर_०७: बोर्ड व्हायचाय काका. गवंड्याला चार दिवस थांबवलंय. दार बाहेर उघडलं तर पडवीच्या खांबाला आपटतंय. सरकतं दार बसवून देणारा कोणी साताऱ्याकडे आहे का?