मदत हवी आहे : आईच्या कपाटातला स्मिता पाटीलचा फोटो

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. १९८२ साली आई मुलींच्या वसतिगृहात नुकतीच अधीक्षिका म्हणून लागली होती. 'उंबरठा' सिनेमा (त्यात स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षिका असते) पाहून आली आणि मासिकातला स्मिता पाटीलचा फोटो कापून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वसतिगृहात काही अवघड प्रसंग आला की ती दार उघडून क्षणभर त्या डोळ्यांकडे बघायची, मग पदर खोचून निघायची. माझ्यासाठीही तोच आदर्श.

२०१९ च्या महापुरात कपाट बुडालं. कपाळ आणि डावा गाल पुसट झालाय, कागद दाराला घट्ट बसलाय. न फाडता सोडवून देणारं कुणी सांगली-मिरज-कोल्हापुरात माहीत आहे का? नवीन प्रिंट आईला नको, तोच हवाय. वाफ दिली तर शाई उतरेल का?