उपदेशकाचा प्रभाव आणि जालन्याचे बेथेल

फिरत्या उपदेशकाचा प्रभाव तो जिथे जिथे भाषणं देतो तिथपर्यंत पोचतो, असं म्हणतात. मला हे फारसं पटत नाही. आमच्या मराठवाड्यातले रेव्हरंड नारायण शेषाद्री बघा. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्कॉटिश मिशनतर्फे (स्कॉटलंडच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या संस्थेतर्फे) जालन्यात काम केलं. १८७३ च्या न्यूयॉर्कमधल्या इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट ख्रिस्ती संघटनेच्या परिषदेतही ते बोलले. पण अमेरिकेतल्या टाळ्या तिथंच विरल्या असणार. प्रभाव टिकला तो जालन्याच्या आसपास.

त्याला कारणंही जमिनीवरचीच. जालन्यात इंग्रजांची छावणी होती, त्यामुळे निजामाच्या राज्यातही मिशनला पाय रोवता आले. शिवाय निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळाली, तिच्यावर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसलं. गावात ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याला नुसतं प्रवचन देऊन काय होणार? घर, शेत, शाळा मिळाली म्हणून माणसं राहिली. त्यांत मांग समाजाची कुटुंबं बरीच होती.

आणि गंमत म्हणजे हा प्रभाव सलग पसरत नाही. एका गावातली चार घरं, मग मधली गावं कोरडी, पुन्हा कुठंतरी सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी दोन घरं. या प्रभावाचा नकाशा काढायचाच असेल तर सभांच्या जागांपेक्षा सोयरिकी कुठं कुठं झाल्या ते आधी विचारा.