बँकॉकचं एकेरी तिकीट, परत क्वालालंपूरहून: काउंटरवर अडवतील का?

कृष्णाकाठ (सांगली):
आई-वडिलांना घेऊन मुंबई–बँकॉक. पुढे रेल्वेने पाडांग बेसारमार्गे मलेशिया आणि क्वालालंपूरहून मुंबई. परतीचं तिकीट काढलंय, पण ते दुसऱ्याच देशातून. चालेल का? एजंट डमी तिकीट देतो म्हणतोय. आईचा पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी (क्लिअरन्स) लागणारा.

अजिंक्यतारा (सातारा):
अडवते ती एअरलाइन. थायलंडने आत घेतलं नाही तर प्रवाशाला परत आणायची जबाबदारी तिच्यावर येते. म्हणून काउंटरवर टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत पासपोर्ट, मुक्काम आणि दिवस टाकून बघतात. तिथे एकच प्रश्न असतो: व्हिसाशिवाय राहायच्या सवलतीचे दिवस संपायच्या आत तुम्ही थायलंडबाहेर पडताय का? क्वालालंपूर–मुंबईची तारीख त्या मुदतीत असेल तर पुष्कळदा मान्य करतात. पण ते तिकीट थायलंड सोडल्याचा पुरावा नव्हे, त्यामुळे शेवटी सगळं ड्युटीवरच्या सुपरवायझरवर येतं. रेल्वे-बसच्या तिकिटाचंही तसंच. वयस्कर माणसं बरोबर आहेत, तर बँकॉक–क्वालालंपूर विमानाचं स्वस्तातलं किंवा रिफंडेबल तिकीट काढून ठेवाच. सवलतीचे दिवस बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा तपासा.

मिरजजंक्शन:
डमीच्या नादी लागू नका. त्यात नुसतं बुकिंग होल्डवर असतं, पैसे भरलेले नसतात. सहा अक्षरी पीएनआर दिसतो, पण मुदत संपली की आपोआप रद्द होतो, आणि काउंटरवर तो पीएनआर उघडून बघतात. एडिट केलेली पीडीएफ तर सरळ बनावट कागदपत्र. मोठ्या एअरलाइनच्या खऱ्या तिकिटावर १३ आकडी ई-तिकीट नंबर असतो. एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो. पीएनआर एअरलाइनच्या साइटवर स्वतः टाका, ‘कन्फर्म्ड’ दिसलं पाहिजे. आणि प्रिंट काढा, मोबाइलवर विसंबू नका.

वारणातीर:
आईचा मुद्दा वेगळा आहे, तो कुणी घेतला नाही. थायलंड आणि मलेशिया दोन्ही ईसीआर यादीतल्या १८ देशांत आहेत. फिरायला जाताना क्लिअरन्स लागत नाही, पण भारतीय इमिग्रेशन परतीचं तिकीट मागतं. तिथे क्वालालंपूर–मुंबईचंच तिकीट दाखवायचं. म्हणजे एअरलाइनला थायलंडबाहेरचं आणि इमिग्रेशनला भारतात परतायचं, अशी दोन्ही तिकिटं आईच्याच हातात द्या. दहावी पास असतील किंवा वय ५० च्या पुढे असेल, तर पासपोर्ट रीइश्यू करून नॉन-ईसीआर मिळतो. वेळ असेल तर तेच करा.

तिकिटावर नाव पासपोर्टवरच्यासारखंच हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, कधी नसतं, एजंट अंदाजाने टाकतो आणि काउंटरवर अडकतं.

अजिंक्यतारा (सातारा):
थायलंडचा टीडीएसी आणि मलेशियाचा एमडीएसी हे ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे, दोन्ही फुकट. एकेरी तिकिटाला वेब चेक-इन बऱ्याचदा होत नाही, त्यामुळे तीन तास आधी काउंटरवर हवं. महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणार असाल तर त्याच दिवशी सकाळचं विमान घेऊ नका.