मदत पाहिजे: पाय दुखते, भरतीसाठी बूट सांगा (लवकर)

दारव्ह्याचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी चालू हाय. पाय लय दुखून रायला. १६०० मीटरचा टाइम ५:४० पर्यंत आला होता, आता अर्ध्यातच थांबा लागते. अकॅडमीचे सर म्हणतात बूट बदल. दोन हजाराच्या आत कोणते घेऊ तेवढं सांगा. बाकी सल्ले नको, ग्राउंड (मैदानी चाचणी) कधीही लागू शकते.

सिंहगडवाला:
पाय म्हणजे नेमकं काय? टाच, घोटा, पोटरी, गुडघा? सध्या कोणते बूट आहेत? कुठे धावता? हे न सांगता बूट कसे सुचवणार?

जुना_जवान:
बूट-बीट काही लागत नाही बाबू. आम्ही धुऱ्यावरून अनवाणी पळालो अन् भरती झालो. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिम्पिकले अनवाणी मॅरेथॉन जिंकला, त्याले कोणी बूट सुचवले होते?

सिंहगडवाला:
काका, तोच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. रोमला २:१५:१६, टोकियोत २:१२:११.

जुना_जवान:
तो बुटामुळे जिंकला का मग?

सिंहगडवाला:
तसं म्हणालोच नाही. रोमला अनवाणी होता म्हणून जिंकला, असंही नाही.

माहेर_पुसद:
रुईचं पान घे, एरंडेल लाव, तव्यावर गरम कर आणि रात्री बांधून ठेव. माझ्या सासूबाईंचा गुडघा त्यानेच बरा झाला. चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस.

दारव्ह्याचा_पोट्टा:
गुडघा नाही ताई. नडगी हाय, उजवी, आतल्या बाजूनं. आता तरी बूट सांगा.

फिजिओ_वर्धा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, भरतीची पोरं रोजच येतात. बुटाचं नंतर बघू. आधी हे सांग: कधीपासून दुखतंय? जमीन कोणती? त्याआधी धावणं वाढवलं होतंस का? बूट किती जुने?

दारव्ह्याचा_पोट्टा:
दीड-दोन महिने झाले असतील. धावतो डांबरी रोडवर. गावातलं ग्राउंड काळ्या मातीचं, पावसात पाय रुतते, आता भेगा पडल्या, त्यात पाय मुरगळते. आधी सकाळीच धावत होतो, मग सरांनी संध्याकाळचं पण चालू केलं. बूट मोठ्या भावाचे, चांगले हायत.

फिजिओ_वर्धा:
एका झटक्यात धावणं दुप्पट, तेही डांबरावर. माझा पहिला संशय तिथेच आहे. हाड भार ओळखून मजबूत होतं, पण त्याला वेळ लागतो. दम आधी वाढतो, हाड मागे राहतं.
आता ते "चांगले" बूट ओट्यावर ठेव आणि मागून बघ. सरळ उभे राहतात का?

दारव्ह्याचा_पोट्टा:
उजवा आत कलते. टाचेचं रबर आतून पूर्ण घासलं, खालचा पांढरा फोम दिसते. अन् भावाचा नंबर माह्यापेक्षा एकनं मोठा, म्हणून मी दोन मोजे घालतो.

सिंहगडवाला:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं असतं तर!

स्पोर्टझोन_अकोला:
फ्लॅट फूटची (सपाट तळव्याची) केस आहे भाऊ. आर्च सपोर्टवाले, म्हणजे तळव्याच्या कमानीला आधार देणारे बूट लागतील, सोबत सिलिकॉनचं इनसोल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, भाव लावून देतो.

फिजिओ_वर्धा:
दुकान इथे नको. अमेरिकी सैन्यात नव्या भरतीच्या जवानांना तळव्याचा आकार पाहून बूट देऊन पाहिले, दुखापती त्याने कमी झाल्या नाहीत. बूट पायाला नीट बसला पाहिजे आणि तळ झिजलेला नको, एवढं पुष्कळ. भावाचा कललेला बूट दोन मोज्यांवर घालणं या दोन्हीत नापास.

जुना_जवान:
म्हणजे अनवाणीच बरं, मी काय म्हणत होतो.

फिजिओ_वर्धा:
काका, जन्मापासून अनवाणी पळणारा बहुतेक पायाच्या पुढच्या भागावर उतरतो, टाच आपटत नाही. बुटात वाढलेल्या पोराने आज बूट काढून डांबरावर धाव घेतली तर पोटरी आणि पंजाची हाडं बोंबलतील. दुखणं जागा बदलेल, एवढंच.

कापूस_किंग:
दारव्ह्याकडे कापसाला काय भाव चालू आहे? वेचणीला माणसं भेटून नाही रायली आमच्याकडे.

सिंहगडवाला:
त्याचा वेगळा धागा आहे की.

रनर_९९:
इंजेक्शन घे भाऊ. आमच्या बॅचचे पोट्टे ग्राउंडच्या सकाळी दुखणं बंद करायचं मारून गेले अन् निघाले. एकदा निघालं की निघालं.

फिजिओ_वर्धा:
हे चुकूनही करू नकोस. इंजेक्शनने दुखणं झाकतं, हाड तसंच राहतं. हाडाला बारीक चीर असेल तर त्याच धावेत पूर्ण मोडू शकतं.

रनर_९९:
आमचा कोणाचा नाही मोडला.

फिजिओ_वर्धा:
ज्यांचा मोडला ते बॅच सोडून गेले, म्हणून तुला दिसले नाहीत.
पोट्टा, एक कर. अंगठ्याने नडगीची आतली कड वरून खाली हळूहळू दाबत ये. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे दुखतं, की एकाच ठिकाणी टोचल्यासारखं? रात्री पडल्यावर ठणकतं का?

दारव्ह्याचा_पोट्टा:
एकाच जागी. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, दाबलं की डोळ्यात पाणी येते. रात्री ठणकते. आधी धावताना गरम झालं की कमी व्हायचं, आता वाढतच जाते.

फिजिओ_वर्धा:
मग धावणं आजपासून बंद. लांब पट्टा दुखत असता आणि वॉर्मअपनंतर हलकं वाटत असतं, तर साधा शिन स्प्लिंट (धावण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं) म्हटला असता. एक ठिपका, रात्रीची ठणक आणि धावताना वाढणारं दुखणं ही स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे ताणाने हाडाला पडलेल्या बारीक चिरेची लक्षणं. इथे बसून मी ते ठरवू शकत नाही, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव. आणि एक्स-रे साफ आला म्हणून उड्या मारू नकोस. पहिले दोन-तीन आठवडे चीर बऱ्याचदा दिसतच नाही, कधी नंतरही चुकते. एमआरआयमध्ये कळते.

दारव्ह्याचा_पोट्टा:
म्हणजे भरती गेली?

फिजिओ_वर्धा:
कोण म्हणालं? अशी चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते, काही जागी जास्त वेळ लागतो. तोवर डॉक्टर हो म्हणाले आणि दुखत नसेल तर सायकल मार, दम टिकतो. मैदानाच्या ५० गुणांत १६०० चे २०, बाकी १०० मीटर आणि गोळा. लेखी तर खुर्चीत बसूनच करायची. पुन्हा सुरू करताना आधी न दुखता अर्धा तास चालणं, मग थोडं चालणं-थोडं धावणं, मातीवर, दिवसातून एकदाच. पायरीवर उभं राहून टाचा उचलायचा व्यायाम कर, पोटरी मजबूत झाली की हाडावरचा ताण कमी होतो.
बूट तेव्हा घे. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याएवढी जागा, टाच आत हलायला नको. ग्राउंडच्या दिवशी कोरे बूट घालू नकोस.

माहेर_पुसद:
आणि जवसाची चटणी खा, नाचणीची भाकरी. हाडाला चांगलं. उन्हातही बस सकाळी.

जुना_जवान:
हे मात्र बरोबर बोलल्या.

दारव्ह्याचा_पोट्टा:
सरांना काय सांगू? ते म्हणतात दुखणं अंगावर काढल्याशिवाय वर्दी भेटत नाही.

जुना_जवान:
डॉक्टरचा कागद दाखव बाबू. मी अनवाणी पळालो असन, पण रात्री ठणकणाऱ्या पायावर पळ असं नाही म्हणत.

फिजिओ_वर्धा:
यवतमाळच्या शासकीय मेडिकलला जा, ओपीडी सकाळीच असते, पहिली एसटी धर. भावाचे बूट पिशवीत घेऊन जा आणि त्यांचा तळ डॉक्टरांना दाखव.

दारव्ह्याचा_पोट्टा:
सोमवारी जातो. भावाला सांगा लागते, त्याले वाटते बूट मी खराब केले.

नेर_कन्या:
माझं महिलांचं ८०० मीटर आहे आणि टाच दुखते, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना जास्त. हेच लागू का?

फिजिओ_वर्धा:
नाही ताई, ते वेगळं दुखणं वाटतंय. नवीन धागा काढा, आणि बूट किती जुने, जमीन कोणती, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.