मदत हवी आहे: फॉग सर्व्हर बसवला, पण युईएफआय मशिन मेनूपर्यंत पोचत नाहीत

नमस्कार मंडळी,

लॅबमधल्या सगळ्या मशिनवर लिनक्सची एकच इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) चढवायची आहे, म्हणून डेबियनवर फॉग, म्हणजे नेटवर्कवरून इमेज घेणारी आणि वाटणारी प्रणाली, बसवलंय. इन्स्टॉलर विनातक्रार पार पडला. सर्व्हरला स्थिर आयपी दिलाय. डीएचसीपी (मशिनना आयपी वाटणारी सेवा) फॉगने चालवायचं का, या प्रश्नाला 'नाही' म्हटलं, कारण ते काम राउटर करतो. राउटरमध्ये डीएचसीपीच्या ऑप्शन ६६ ला सर्व्हरचा पत्ता आणि ६७ ला बूट फाइलचं नाव, 'अनडायओन्ली.केपीएक्सई', टाकलंय.

बायॉसवाली जुनी मशिन झकास चालतात. फॉगचा मेनू येतो, नोंदणी होते, एका मशिनची इमेज कॅप्चरही झाली. अडतंय ते नव्या युईएफआय (बायॉसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मशिनवर. आयपी मिळतो, फाइल उतरल्याचा संदेश दिसतो आणि लगेच मशिन परत बूट मेनूवर येतं. सिक्युअर बूट (सही नसलेली फाइल बूट होऊ न देणारी सोय) बंदच आहे. ६७ मध्ये 'आयपीएक्सई.ईएफआय' लिहिलं की नवी सुरळीत उठतात, पण मग जुनी अडतात. प्रकारानुसार वेगळी फाइल द्यायची सोय राउटरमध्ये नाही आणि राउटर बदलणं माझ्या हातात नाही.

दोन्ही प्रकार एकत्र कसे चालवायचे? जाणकारांनी कृपया सांगावं, विद्यार्थ्यांचं काम खोळंबलंय.

प्रतिसाद १

फॉग नीट बसलंय, त्याला हात लावू नका. बूट होताना मशिन ऑप्शन ९३ मधून आपला प्रकार कळवतं: बायॉससाठी ०, ६४ बिट युईएफआयसाठी बहुतेक वेळा ७. तुमचा राउटर ते बघत नाही. फॉगच्याच सर्व्हरवर डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी-डीएनएस प्रोग्राम टाका आणि प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवा. आयपी राउटरच वाटेल, कुठली फाइल घ्यायची ते डीएनएसमास्क सांगेल. राउटरमधले ६६ आणि ६७ मात्र काढा, नाहीतर काही मशिन त्याचंच ऐकतील. डीएनएसमास्कचा टीएफटीपी (बूट फाइल पाठवणारी सेवा) सुरू करू नका, ६९ पोर्टवर फॉगचा आधीच आहे. फायरवॉल असेल तर यूडीपी पोर्ट ६७ आणि ४०११ उघडा.

प्रतिसाद २

इमेज वाटण्याआधी मूळ मशिनवर ईटीसीमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, पुढच्या बूटला नवी तयार होते. हे राहिलं तर सगळ्या प्रतींची ओळख एकच राहते आणि काही मांडण्यांमध्ये दोन मशिनना एकच आयपी मिळतो. एसएसएच होस्ट की (दुरून लॉगिन करताना मशिनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) सुद्धा प्रत्येक मशिनची वेगळी हवी. डेबियनमध्ये त्या नुसत्या पुसून भागत नाही, पहिल्या बूटला नव्या बनवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा.

धागाकर्ता

६६-६७ काढले, डीएनएसमास्क लावला आणि दोन्ही प्रकार मेनूपर्यंत आले! मनापासून आभार. मशीन-आयडी रिकामी करून इमेज पुन्हा घेतोय. काही नव्या मशिनच्या डिस्क लहान आहेत. पार्टिशन ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) आहे, एलव्हीएम (डिस्कवरची जागा लवचीकपणे विभागणारा थर) नाही. फॉगमधला इमेजचा 'रिसाइझेबल' (आकार बदलणारा) प्रकार पुरेल ना?

प्रतिसाद २

पुरेल. भरलेला डेटा लहान डिस्कमध्ये मावला पाहिजे, एवढंच. एलव्हीएम असतं तर फॉगला ते आक्रसता आलं नसतं.